गाडीत बंदूक कशाला?

पूर्वी देवदर्शनाला निघताना माणसं दशम्या, लोणच्याची बरणी आणि अंथरूण-पांघरूण बांधून घ्यायची. आता आमच्या भागात नवं खूळ निघालंय. मोठी गाडी ठरवायची, घरची दहा-बारा माणसं तीत भरायची, आणि घरात ज्याच्याकडं परवाना असेल त्यानं कमरेला पिस्तूल लावून पुढच्या सीटवर बसायचं. घरात कुणाकडं नसला तर परवानावाला पाव्हणा सोबतीला घ्यायचा. काशीला जायचं असो नाहीतर वैष्णोदेवीला, पालुपद एकच : रस्त्यात काय होईल सांगता येत नाही. बायामाणसं बरोबर, त्यांच्या अंगावर डाग, लहान पोरं बरोबर, मग हत्यार नको का?

नको. हे मी कुणी बंदूक बघून घाम फुटणारा माणूस म्हणून सांगत नाही. माझ्या घरात तीस वर्षांहून जास्त काळ परवान्याची बंदूक आहे. आमचं रान डोंगराला लागून. भुईमूग, रताळी, कोवळा ऊस, काहीही लावा, रानडुकरांचा कळप एका रात्रीत त्याची माती करतो. वडलांकडं ठासणीची बंदूक होती. माझ्याकडं बारा बोरची एकनळी आली. माळ्यावर बसून मी किती रात्री काढल्या याचा हिशेब नाही. बार बहुतेक वेळा हवेत काढला, कारण आवाजानं काम भागत होतं. नळी साफ करणं, काडतुसं कोरडी ठेवणं, नूतनीकरणाला खेपा घालणं, निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात हत्यार जमा करून पावती जपणं, हे सगळं केलंय. म्हणून बंदूक काय कामाची आणि काय कामाची नाही, हे बोलायचा मला थोडा अधिकार आहे.

बंदूक राखणीच्या कामाची. रानात जागा माझी असते. तिथली वाट, बांध, विहीर अंधारातही मला ठाऊक असते. बायकापोरं घरात असतात. समोर येतं ते जनावर. तरीसुद्धा बॅटरीच्या उजेडात नीट दिसल्याशिवाय चापावर बोट ठेवायचं नाही, ही वडलांची शिस्त. कारण चोरून मोटर सुरू करायला आलेला शेजारीही झुडपात डुकरासारखाच हालतो. आता हेच सगळं रस्त्यावर उलटं करा. जागा परकी, अंधार परका, गाडीत आपलीच दहा माणसं दाटीवाटीनं बसलेली, आणि समोर येतो तो माणूस. तो कोण आहे हे कळायला वेळ लागतो. हत्यार जवळ असलं की माणूस तेवढा वेळ थांबत नाही. माझं सगळं भांडण या एका गोष्टीशी आहे.

आम्ही काशी-प्रयागला निघालो तेव्हा घरात यावरनंच वाजलं. पुतण्या बांधकामाच्या धंद्यात आहे, त्याच्याकडं रिव्हॉल्व्हर आहे. तो म्हणाला, "तात्या, तीन राज्यं वलांडून जायाचं हाय. जाऊन-येऊन तीन-साडेतीन हजार किलोमीटर. घरातली सात बायामाणसं संगं. मोकळ्या हातानं जायाचं व्हय?"

मी म्हटलं, "परवान्यावर काय लिवलंय ते वाच आधी."

1959 च्या शस्त्र कायद्याखाली मिळणाऱ्या परवान्यावर क्षेत्र लिहिलेलं असतं. कुणाचा जिल्ह्यापुरता, कुणाचा राज्यापुरता, थोड्यांचा सगळ्या देशासाठी. पीक राखायला घेतलेली बंदूक तर रानापुरती. राज्यापुरता परवाना असलेला माणूस नागपूर सोडून सिवनीच्या वाटेला लागला, की हद्द ओलांडल्या क्षणी तो स्वतःच गुन्हेगार होतो. 2019 साली कायदा आणखी कडक झाला. एका माणसाला 3 हत्यारं ठेवता यायची ती 2 वर आली, आणि लग्नावरातीत हौसेनं बार काढून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही, अशी सोय झाली. घरच्यांच्या रक्षणाला म्हणून नेलेलं हत्यार परमुलखातल्या नाकाबंदीत सापडलं तर पहिला आत जातो तो घरचा कर्ता. मग बायामाणसांनी त्या अनोळखी गावात वकील कुठं शोधायचा?

त्याचा परवाना सगळ्या देशाचा आहे असं धरून चाला. मग मी दुसरं विचारलं. हत्यार ठेवणार कुठं? भरून हाताशी ठेवलं, तर मागच्या सीटवर सात वर्षांचं पोर आहे, ते ड्रायव्हरचा कप्पा उघडून गोळ्या-बिस्किटं शोधतं. रिकामं करून पेटीत कुलूप लावून ठेवलं, तर दरोडेखोर कुलूप उघडेपर्यंत थांबणार आहे का? काशी विश्वनाथाच्या मंदिरात मोबाईलसुद्धा आत नेऊ देत नाहीत, तिथं रिव्हॉल्व्हर कोण नेऊ देईल? म्हणजे ते गाडीत ठेवायचं, गाडी पार्किंगला, आणि घरचे सगळे रांगेत. गंगेत बुडी मारताना ते कुणाच्या हातात द्यायचं? चोरीला गेलं तर ते पुढं कुणावर चालेल? बारा दिवसांच्या प्रवासात त्या लोखंडाची राखण करायलाच एक माणूस खर्ची पडतो. ज्यानं आपली राखण करायची, त्याचीच राखण आपण करायची!

पुतण्या दोन दिवस रुसला, पण ते कपाटात ठेवून आला.

जाताना जबलपूरच्या पुढं, रात्री एकच्या सुमाराला गाडीचा टायर बसला. ड्रायव्हरनं गाडी कडेला घेतली. वस्तीचा दिवा दिसत नव्हता. दोन्ही बाजूंना हरभरा. जॅक लावतोय तोवर शेतातनं पाच-सहा बॅटऱ्या आमच्याकडं यायला लागल्या. जवळ आल्यावर दिसलं, प्रत्येकाच्या हातात काठी, एकाच्या खांद्यावर कुऱ्हाड, तोंडं मफलरीनं बांधलेली. गाडीत बायकांनी मंगळसूत्रं पदराखाली घेतली. माझी भावजय मोठ्यानं पांडुरंगाचा धावा करायला लागली. पुढच्या सीटवर पुतण्या होता. मी खाली उतरलो आणि मोठ्यानं 'राम राम' घातला. पलीकडनं 'राम राम' आला. हरभऱ्याच्या राखणीला बसलेले शेतकरी होते ते. रानडुकरं आणि नीलगाय, दोन्हींचा त्रास. म्हणजे मी माझ्या रानात जे काम करतो तेच काम करणारी माणसं. थंडी म्हणून मफलरी, जनावरासाठी काठ्या. त्यांतल्या दोघांनी चाक फिट होईपर्यंत मागं शंभर पावलांवर उभं राहून बॅटऱ्या हलवल्या, ट्रक येऊन धडकू नये म्हणून. जाताना ओंजळभर हरभऱ्याचे घाटे पोरांच्या हातात दिले.

त्या रात्री पुतण्याच्या कमरेला रिव्हॉल्व्हर असतं तर? मी त्याला पुढं चहाच्या टपरीवर हेच विचारलं. तो म्हणाला, "दाखिवलं असतं, तात्या. निस्तं दाखिवलं असतं." दाखवलेलं हत्यार बघून समोरचा कुऱ्हाडवाला काय करेल, याचं उत्तर त्याच्याकडं नव्हतं.

कुणी म्हणेल, रस्त्यावरची सगळी माणसं हरभरा राखणारी नसतात. खरं आहे. रस्त्यावर लूट होते, काचेवर दगड पडतात, आडबाजूला गाडी अडवतात. पण लुटारू जागा निवडून, वेळ निवडून, संख्येनं येतो. आपण झोपेत, पोटऱ्या आखडलेल्या, चष्मा कुठं ठेवलाय ते आठवत नाही. पहिला हात त्याचा असतो. अशा वेळी आपलं हत्यार आपल्या हातात राहील, याची हमी कोण देतो? तो डाग मागायला आलेला असतो. आपण हत्यार काढलं की तो जीव घ्यायला मोकळा होतो. डाग पुन्हा करता येतात.

कायद्यानं स्वसंरक्षणाचा हक्क दिलाय, तोही मला माहीत आहे. जुन्या दंडसंहितेत 96 ते 106 कलमं, आणि 1 जुलै 2024 पासून न्याय संहितेत 34 ते 44. पण त्याच कलमांत लिहिलंय की बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही, आणि सरकारी मदत मागायला वेळ असेल तिथं हा हक्क नाही. पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातली तर तो बचाव राहत नाही. हा सगळा हिशेब अंधारात, पोरांच्या रडण्यात, दोन क्षणांत कोण करणार आहे?

शिकलेली मंडळी आणखी एक सांगतात : इंग्रजांनी 1878 च्या कायद्यानं आपल्याला निःशस्त्र केलं, आपण ते का चालवून घ्यायचं? इंग्रजांचा हेतू वाईटच होता. कराचीच्या काँग्रेसनं 1931 साली नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगायचा हक्क मागितलाही होता. पण स्वराज्य आल्यावर, 1948 च्या डिसेंबरात, ह. वि. कामथांनी घटना समितीत हा हक्क मूलभूत हक्कांत घालायची दुरुस्ती मांडली, तेव्हा ती मान्य झाली नाही. आंबेडकरांनीच तिला विरोध केला. आपल्या घटनेत एकत्र जमायचा हक्क आहे तो शांततेनं आणि विनाशस्त्र. हे आपल्याच माणसांनी विचार करून ठरवलंय, कुणा लाटसाहेबानं नाही.

सगळ्यात अवघड प्रश्न एका तरुण मास्तरांनी मला विचारला. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला मंगळवेढ्याकडच्या पाच भिक्षेकरी गोसाव्यांना पोरं पळवणारे समजून जमावानं ठेचून मारलं. त्यांच्याकडं बंदूक असती तर ते वाचले नसते का? मी या प्रश्नावर बरेच दिवस विचार केला. शेकडोंच्या जमावापुढं पाच-सहा गोळ्या किती पुरतात? आणि अफवेनं पेटलेल्या गावात परक्या माणसाच्या झोळीत पिस्तूल निघालं असतं, तर अफवा खरी ठरली असती. ती पाच माणसं मेली ती भ्यालेल्या गावाच्या हातून. समोरचा कोण हे विचारायला ते गाव थांबलं नाही. तेच भय आपण कमरेला बांधून दुसऱ्याच्या गावातनं जायचं म्हणतोय. 2016 साली बिहारात गयेला ओव्हरटेक करण्याच्या वादातनं बारावीतला एक पोरगा गोळीनं मेला. गाडी पुढं काढली, एवढंच. हत्यार नसतं तर शिव्यांवर भागलं असतं, फार तर काच फुटली असती.

रस्त्यावर मरण आहे, पण ते दुसरीकडनं येतं. 2022 या एका वर्षात आपल्या देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली. रोजची 460 हून जास्त. समृद्धी महामार्गावर 1 जुलै 2023 च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ बस पेटून 25 जण जळाले. झोपाळलेला ड्रायव्हर, झिजलेला टायर, मागचा दिवा नसलेला उभा ट्रक, यांच्यावर कुठलं पिस्तूल चालतं? पिस्तुलाच्या परवान्यासाठी मुंबईपर्यंत खेपा घालणारा माणूस गाडी ठरवताना टायर बघत नाही, ड्रायव्हर कालची रात्र झोपला का विचारत नाही.

बायामाणसांची काळजी खरी असेल तर तिला दुसरी वाट आहे. सोनं घरी ठेवा. रात्री अकरा ते पहाटे पाच गाडी चालवू नका. जिथं ट्रक थांबतात, गर्दी असते, अशा ढाब्यावर थांबा. 112 आणि राष्ट्रीय महामार्गाचा 1033 हे नंबर पोरांना पाठ करायला लावा. आणि टोल भरताना भांडायचंच असेल तर बायकांच्या संडासासाठी भांडा. मैलोन्‌मैल स्वच्छ संडास नाही, म्हणून आमच्या लेकीसुनांना अंधारात झुडपाआड जावं लागतं. तिथला दिवा, तिथली गस्त, तिथलं दार-कडी हे आपण पैसे मोजून विकत घेतलेलं आहे. ते मागायचं सोडून प्रत्येकानं आपापलं पिस्तूल घ्यायचं ठरवलं, तर सरकार सुटलं आणि आपण अडकलो.

पुतण्याच्या घरी यंदा रामेश्वरला जायचं घाटतंय. मला विचारायला तो येणारच. बंदुकीचा विषय निघायच्या आधी मी त्याला एकच विचारणार आहे : ड्रायव्हर दोन घेतलेस का?