पातेले उतरल्यानंतरचे तास

यवतमाळ जिल्ह्यात पंगती उठतात त्या ऐन उन्हात. कापूस विकून झालेला असतो, शेत मोकळे असते, मुलांना सुट्या लागलेल्या असतात. त्यामुळे लग्न, जावळ, नवस, कंदुरी, गावजेवण असे सगळे एप्रिल-मे या दोन महिन्यांत गोळा होते. पारा 43-44 अंशांच्या खाली यायला तयार नसतो आणि अशा दिवसांत हजार-हजार माणसांचा स्वयंपाक उघड्यावर रांधला जातो. बहुतेक वेळा सारे नीट पार पडते. कधीतरी दुसऱ्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात खाटा कमी पडतात, एकेका खाटेवर दोघे-दोघे सलाईन लावून पडलेले असतात, आणि वर्तमानपत्रात ‘जेवणातून विषबाधा’ अशी बातमी येते.

मग दोषाचे वाटप सुरू होते. तेल भेसळीचे होते, मटण शिळे होते, मसाला फार होता, ऊन बाधले, पाणी खराब होते. यातले एखादे कारण कधी खरेही निघते. पण मोठ्या पंगतीतल्या मटणाच्या, वरणाच्या किंवा दाट रश्श्याच्या बाबतीत जे सर्वांत सहज घडू शकते, त्याकडे फारसे कोणी पाहत नाही. मटण ताजे होते, तेल चांगले होते, आचारी अनुभवी होता, रस्सा तीन तास रटरटला होता. बिघडले ते पातेले चुलीवरून उतरल्यानंतर.

मंद आचेवर बराच वेळ मांस शिजवणे ही काही चुकीची रीत नव्हे. माणशी पाव किलो धरले तर चारशे माणसांना क्विंटलभर मटण लागते, आणि एवढे मटण सगळे कोवळ्या बोकडाचे मिळत नाही. जून जनावराच्या खांद्यात आणि मांडीत कोलॅजन नावाचे चिवट प्रथिन भरपूर असते. 60-70 अंशांच्या पुढे ते हळूहळू विरघळू लागते आणि काही तासांनी त्याचे जिलेटिन होते. रश्श्याला येणारा चिकट दाटपणा आणि हाडापासून आपोआप सुटणारा तुकडा ही त्याचीच किमया. अमेरिकेत डुकराच्या खांद्याचे मांस विजेच्या मंद शेगडीत आठ-दहा तास ठेवून, मग बोटांनी सुटे करून मोठ्या मेजवानीला वाढतात, त्यामागचे शास्त्र हेच. वऱ्हाडी आचारी तेच काम चर खणून केलेल्या चुलीवर, बाभळीच्या निखाऱ्यावर करतो. पऱ्हाट्यांचा जाळ भडकतो आणि लगेच विझतो, म्हणून तो फक्त उकळी आणायला. खरे शिजवणे लाकडाच्या निखाऱ्यावर, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. इथपर्यंत विज्ञान आचाऱ्याच्या बाजूने आहे.

अडचण एका जिवाणूची आहे. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स हे त्याचे नाव. तो मातीत असतो, जनावरांच्या आतड्यात असतो, म्हणून कच्च्या मटणावर, धण्या-मिऱ्यांवर, भाजीच्या मुळांना लागलेल्या मातीत थोडाफार सापडणारच. परिस्थिती प्रतिकूल झाली की तो बीजाणूच्या रूपात जातो. म्हणजे जाड कवचाच्या आत झोपी जातो. या जिवाणूच्या काही वाणांचे बीजाणू तासभर उकळूनही मरत नाहीत. उलट उकळीच्या उष्णतेने त्यांची झोप मोडते. उकळल्याने रश्श्यातला विरघळलेला प्राणवायूही निघून जातो, आणि या जिवाणूला प्राणवायू नकोच असतो. शिजवताना त्याचे सगळे स्पर्धक मेलेले, हवा गेलेली, प्रथिनांनी भरलेले कोमट भांडे तयार. याहून चांगले घर त्याला कुठे मिळणार?

साधारण 15 ते 50 अंशांच्या दरम्यान तो वाढतो, आणि 43 ते 47 अंशांवर सर्वांत वेगाने. त्या तापमानाला दर दहा मिनिटांत, कधी त्याहूनही लवकर, एकाचे दोन होतात. दहा मिनिटांचा हिशेब धरला तर एका जिवाणूचे तीन तासांत अडीच लाखांवर जिवाणू होतात. रस्सा तेव्हा आंबत नाही, फेसाळत नाही, त्याला वासही येत नाही. चव घेऊन पाहणाऱ्याला तो उत्तमच लागतो. पुढे हे लाखो जिवाणू पोटात गेले की आतड्यात पुन्हा बीजाणू बनवतात आणि त्या वेळी विष सोडतात. म्हणून त्रास जेवल्यावर लगेच होत नाही. आठ-बारा तासांनी पोटात मुरडा येतो, पातळ जुलाब लागतात. ताप आणि उलट्या सहसा नसतात. धडधाकट माणूस दिवसभरात सावरतो. म्हातारी माणसे, लहान मुले, मधुमेहाचे किंवा मूत्रपिंडाचे रोगी यांच्या बाबतीत मात्र अंगातले पाणी कमी होऊन प्रकरण हाताबाहेर जाऊ शकते, आणि 44 अंशांच्या उन्हात ते लवकर जाते.

हे कोडे ब्रिटनमध्ये बेटी हॉब्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1953 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उलगडले. ठिकठिकाणच्या सामूहिक जेवणांतून झालेल्या जुलाबांचा माग काढताना त्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली: मांस आदल्या दिवशी मोठ्या प्रमाणात शिजवलेले, हळूहळू थंड झालेले, आणि दुसऱ्या दिवशी तसेच किंवा जेमतेम गरम करून वाढलेले. तेव्हापासून अन्नशास्त्रज्ञ या जिवाणूला खाणावळीचा जिवाणू म्हणत आले आहेत. घरातल्या चार माणसांच्या भाजीत तो क्वचित त्रास देतो; त्याला मोठे भांडे लागते.

मोठेच का, याचे उत्तर शाळेतल्या भूमितीत आहे. भांड्याची लांबी, रुंदी, उंची दुप्पट केली तर त्यात मावणारा रस्सा आठपट होतो, पण उष्णता बाहेर जायला मिळणारा पृष्ठभाग फक्त चौपट वाढतो. त्यातून रस्सा दाट असेल तर तो पाण्यासारखा आतल्या आत फिरत नाही. वरून तेलाचा तवंग आणि त्यावर झाकण. रात्री दहाला उतरवलेली डेग पहाटेपर्यंत मधोमध कोमट असते, हे कोणत्याही आचाऱ्याने हाताने अनुभवलेले आहे. मे महिन्यात रात्रीची हवाच तिशीच्या आसपास असते. म्हणजे डेग कितीही वेळ ठेवली तरी ती धोक्याच्या पट्ट्यातून खाली उतरतच नाही. गरम राहिली म्हणजे टिकली, हा समज इथे उलटा पडतो. हाताला सोसवेल इतकी गरम राहणे, हीच नेमकी वाईट अवस्था.

सामूहिक जेवण आणि हा जिवाणू यांची गाठ किती टोकाला जाऊ शकते, याचे उदाहरण पापुआ न्यू गिनी या देशातले आहे. तिथल्या डोंगराळ भागात सणासमारंभाला डुकरे मारून खड्ड्यात तापलेल्या दगडांवर मंद भाजायची आणि सगळ्या वस्तीने, पुढे दिवस-दोन दिवस, खायची अशी प्रथा होती. त्या मेजवान्यांनंतर मुलांची आतडी सडून मृत्यू होत. 1960च्या दशकात डॉक्टरांनी कारण शोधले: याच जिवाणूचा ‘सी’ प्रकार. एरवी पोटातली पाचक द्रव्ये त्याचे विष तोडून टाकतात. पण तिथे रोजचे अन्न म्हणजे रताळी. प्रथिने कमी म्हणून पाचक द्रव्ये कमी, आणि रताळ्यात उरलेल्या पाचक द्रव्यालाही अडवणारा घटक. वर्षभर अर्धपोटी असलेल्या मुलाला एकदम पोटभर मांस मिळाले की ते मरे. 1980 च्या सुमारास मुलांना लस देणे सुरू झाले आणि हे मृत्यू झपाट्याने घटले. वऱ्हाडात आढळणारा प्रकार इतका घातक नाही. तरी कुपोषित मूल आणि पंगत हे दोन शब्द एकत्र आले की पापुआची आठवण ठेवायला हरकत नाही.

जुन्या पंगतींचे वेळापत्रक पाहिले की एक गोष्ट लक्षात येते. देवस्थानाच्या जेवणात रोडगे, वांग्याची भाजी, वरण. रोडगे गोवऱ्यांच्या आरात भाजलेले, कोरडे. त्यात जिवाणूला लागणारे पाणीच नाही. भाजी चुलीवरून थेट द्रोणात. कंदुरीचे मटणही तिथेच झाडाखाली शिजवून तिथेच संपवायचे. जेवणारे चुलीची वाट पाहत, चूल जेवणाऱ्यांची नाही. आता उलटे झाले आहे. मुहूर्त साडेअकराचा, स्वयंपाक दहाला तयार. वरात डीजेपुढे दोन तास नाचते, त्यानंतर व्यासपीठावर मान्यवरांचे आशीर्वाद, मग फोटो. पहिली पंगत तीनला बसते आणि शेवटची पाचला. या सात तासांत पनीरची भाजी, खव्याचे पदार्थ, भात, रस्सा मांडवाच्या पत्र्याखाली उभे असतात. पुढे बोट आचाऱ्याकडे दाखवले जाते. खरे तर ते सात तास यजमानाने, वरातीने आणि भाषणांनी खर्च केलेले असतात. आचाऱ्याला नुसते ‘सगळे दहाला तयार पाहिजे’ एवढेच सांगितलेले असते.

उपाय महाग नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या सुरक्षित अन्नाच्या सूचना 2001 पासून जगभर सांगितल्या जातात: शिजलेले अन्न वाढेपर्यंत 60 अंशांच्या वर ठेवा, साठवायचे तर 5 अंशांच्या खाली न्या, आणि मधल्या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त राहू देऊ नका. मांडवाच्या भाषेत सांगायचे तर डेगीखालचा निखारा शेवटची पंगत उठेपर्यंत विझू द्यायचा नाही; रश्श्यातून वाफा निघत राहिल्या पाहिजेत. रात्री शिजवून सकाळी वाढायचा बेत शक्यतो करूच नये. करावाच लागला तर डेग झाकून ठेवण्याऐवजी रस्सा लगेच परातींमध्ये दोन-तीन बोटे खोलीपर्यंत पसरावा, परातीखाली बर्फाची लादी किंवा गार पाण्याचे टाके ठेवावे, वर पातळ कापड आणि पंख्याचा वारा. गार झाला की फ्रीजमध्ये. बर्फ भांड्याबाहेरच, लग्नात येणारी लादी पिण्याच्या पाण्याची असेलच असे नाही. आणि वाढण्याआधी नुसते कोमट न करता मधोमध खळखळून उकळी आणावी, कारण जागे झालेले जिवाणू 75 अंशांच्या आसपास मरतात. दांडीचा थर्मामीटर काही शे रुपयांत मिळतो. ज्या मांडवात लाखाचा डीजे वाजतो, तिथे तो परवडू नये?

एक सावधगिरी मात्र हवी. पुन्हा उकळणे हा या एका जिवाणूवरचा इलाज आहे, सगळ्यांवरचा नाही. वाढप्याच्या बोटावरच्या पिकलेल्या जखमेतून स्टॅफिलोकॉकस खव्यात किंवा बासुंदीत उतरला आणि तिथे त्याने विष केले, तर ते विष उकळूनही जात नाही. रात्रभर बाहेर राहिलेल्या भातात बॅसिलस सिरियस करतो ते विषही तसेच चिवट. जेवल्यावर एक ते सहा तासांत जोराच्या उलट्या सुरू झाल्या तर संशय या दोघांवर जातो. म्हणून शिळा भात फोडणी देऊन शुद्ध होत नाही, आणि हाताला जखम असलेल्या पोऱ्याला त्या दिवशी पत्रावळी मांडायचे काम द्यावे, वाढायचे नाही.

शालेय पोषण आहारात अन्न मुलांना देण्याआधी शिक्षकाने चाखायचे, असा 2015 च्या नियमांत दंडक आहे. करपलेले, खारट, रॉकेल सांडलेले अन्न त्यातून कळते. परफ्रिंजेन्स कळत नाही, कारण चाखणाऱ्याला त्रास व्हायचा तो रात्री. शाळेचे अन्न तुलनेने सुरक्षित राहते ते शिजल्या शिजल्या वाढले जाते म्हणून. कायद्याचेही तसेच. 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्याखालच्या नियमांत धार्मिक किंवा सामाजिक मेळाव्यात अन्न वाटणाऱ्यांनाही नोंदणीच्या कक्षेत घेतले आहे, केटररला तर परवाना किंवा नोंदणी हवीच. भंडारा घालणाऱ्या किती मंडळांना हे ठाऊक असते, हा प्रश्न आहे. अन्न व औषध प्रशासन सहसा दिसते ते बातमी आल्यावर, नमुने घ्यायला. लग्नसराईच्या आधी तालुक्याच्या ठिकाणी आचाऱ्यांना अर्ध्या दिवसासाठी बोलावून परात, बर्फ आणि थर्मामीटर दाखवले तर त्याचा उपयोग दहा छाप्यांहून जास्त होईल. वणी, पुसद, दिग्रस, पांढरकवडा, दारव्हा अशा ठिकाणी हे सहज करता येईल.

आणि तरीही जुलाब लागलेच, तर जुलाब थांबवणाऱ्या गोळीच्या मागे लागण्याआधी पाणी. जलसंजीवनीची पुडी नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, घोट-घोट सतत. लघवी कमी झाली, डोळे खोल गेले, मूल सुस्त पडले, जुलाबात रक्त दिसले, तर दवाखाना. तिथे डॉक्टरांना दोन वेळा सांगता आल्या तर निदान लवकर होते: जेवण किती वाजता झाले आणि पातेले चुलीवरून किती वाजता उतरले होते. पहिली वेळ सगळ्यांना आठवते. दुसरी फक्त आचाऱ्याला माहीत असते, आणि तो तोवर आपल्या डेगी टेम्पोत टाकून पुढच्या गावच्या मांडवात पोचलेला असतो.