कानांची दुसरी शिफ्ट

"मावशी, त्यातले शब्द ऐकूच येत नाहीत, मग कानाला काय होणार?" बहिणीच्या मुलाच्या या एका वाक्यावर माझा अख्खा आठवडा चिडचिडीत गेला. तो आमच्या जबलपुरातच, रिछाईच्या औद्योगिक वसाहतीत एका शेडमध्ये ग्राइंडिंगला आहे. दिवसभर लोखंड घासायचं आणि रात्री कानात इअरबड्स घालून झोपायचं. त्यात काय वाजतं? पाऊस. आणि त्या पावसाखाली दडवलेली वाक्यं: तुझा आत्मविश्वास वाढतोय, तुझ्याकडे पैसा येतोय. याला सब्लिमिनल म्हणतात. कानाला कळू नयेत पण मनात उतरावीत, अशा बेताने ती वाक्यं बसवलेली असतात म्हणे. परवा त्याच्या उशाशी उभी होते, तर बड्समधला तो पाऊस मला बाहेर ऐकू येत होता.

या दाव्याची मुळं तपासून झालेली आहेत. 1957 साली अमेरिकेत जेम्स व्हिकरी नावाच्या जाहिरातवाल्याने सांगितलं, की सिनेमाच्या पडद्यावर डोळ्यांना न जाणवणारे संदेश दाखवून आपण पॉपकॉर्नची विक्री वाढवली. पाच वर्षांनी त्यानेच कबूल केलं, की त्यात दम नव्हता. 1991 मध्ये अँथनी ग्रीनवाल्ड आणि सहकाऱ्यांनी अशाच दडवलेल्या वाक्यांच्या कॅसेटी लोकांना ऐकायला दिल्या, पण काहींवरची लेबलं मुद्दाम बदलली. आत्मविश्वासाची कॅसेट स्मरणशक्तीच्या नावाने गेली, स्मरणशक्तीची आत्मविश्वासाच्या. प्रत्यक्षात काहीच सुधारलं नव्हतं. लेबलावर जे लिहिलं होतं ते मात्र सुधारल्यासारखं अनेकांना वाटलं.

मुलाला धीर हवा असेल, तर त्याबद्दल माझी तक्रार नाही. बारा तास राबणाऱ्या पोराला झोपताना कुणी चांगलं बोललेलं हवंसं वाटतं, हे मी समजू शकते. माझा राग पावसाच्या आवाजावर आहे. शब्द ऐकू येत नसतील, पण त्यांच्यावरचं पांघरूण ऐकू येतंच, आणि आवाज वाढवला की संदेश जास्त आत जाईल, या समजुतीने ही मुलं तो वाढवत नेतात. आतल्या कानात सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात. त्या मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. आवाज पावसाचा आहे की ग्राइंडरचा, हे त्या विचारत नाहीत. किती मोठा आणि किती वेळ, एवढंच त्यांना लागू पडतं. जागतिक आरोग्य संघटनेचं माप असं: 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तास. तीन डेसिबल वाढले की वेळ निम्मा, म्हणजे 83 ला 20 तास, 86 ला 10. रोज रात्री आठ तास म्हटले तर आठवड्याचे 56 होतात. 80 वर ऐकलं तरी आठवड्याचा शिधा पाचव्या रात्रीच संपला.

आणि माझ्या भाच्याचा शिधा तर दिवसाच संपलेला असतो. कारखान्यांत आठ तासांना 90 डेसिबल ही आपल्याकडची जुनी मर्यादा. अमेरिकेतली नायॉश ही संस्था 85 सांगते. ही मापं ठरवताना उरलेले सोळा तास कान विसावेल, असं धरलेलं असतं. रिछाईतली कित्येक पोरं शेडमध्ये प्लगऐवजी बड्स घालतात आणि मशीनच्या वर गाणं ऐकू यावं म्हणून आवाज चढवतात. नॉइज कॅन्सलेशन मशीनची घरघर कमी करतं, पण तो कानांचा संरक्षक प्लग नव्हे.

जबलपूर हे मोठ्याने बोलणाऱ्यांचं गाव आहे, असं बाहेरचे पाहुणे म्हणतात. आमच्या मराठी घरांतही टीव्हीचा आवाज गल्लीपर्यंत जातो. 1904 ची गन कॅरेज, 1942 ची खमरियाची ऑर्डनन्स, 1969 ची व्हेईकल फॅक्टरी, भोवती लहान लहान शेड्स. या शहराने यंत्रांशेजारी आयुष्य काढलंय. माझे एक काका खासगी वर्कशॉपात पॉवर हॅमरपाशी होते. निवृत्तीनंतर ते 'हेकट' झाले, असं घरात ठरलं. सुनेने विचारलं की भलतंच उत्तर द्यायचे आणि मग चिडायचे, "नीट बोलत जा, पुटपुटू नका." आवाजाने जाणारं ऐकणं आधी चार हजार हर्ट्झच्या आसपास जातं. तिथेच स, श, ट, थ यांची ओळख असते. माणसाला आवाज येतो, शब्द उमगत नाही. शांत खोलीत तो बरा वागतो आणि लग्नाच्या पंगतीत एकटा पडतो. काकांचा स्वभाव मुळीच बिघडला नव्हता. त्यांना कुणी तपासायला नेलं नाही, इतकंच. काकू मात्र नेहमी त्यांच्या समोर येऊन, तोंड दिसेल असं बोलायच्या. त्यांना हे कुणीही शिकवलं नव्हतं. 1948 च्या कारखाना कायद्यात आवाजाने येणारा बहिरेपणा सरकारला कळवायच्या आजारांच्या यादीत घातला होता, पण असा आजार असतो हेच आमच्या घराला ठाऊक नव्हतं.

म्हणून भाच्याच्या मागे लागले आहे, आणि वाचकांनाही सांगते. शेडमध्ये प्लग घाला. रात्री काही ऐकायचंच असेल तर बड्स काढून छोटा स्पीकर खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा, आवाज कुजबुजीइतका, आणि अर्ध्या तासात बंद होणारा टायमर लावा. पावसाळ्यात तर बड्स घालून झोपूच नका. ओल्या कानात बुरशी धरते. सकाळी कानात शीळ वाजत असेल, किंवा शेडमधून आल्यावर कान दडपल्यासारखे वाटत असतील, तर ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या. आणि एखाद्या कानाचं ऐकणं अचानक गेलं, तर मळ असेल म्हणून तेल घालत बसू नका. त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. त्यावरचे उपचार पहिल्या काही दिवसांतच जास्त लागू पडतात.