गळीत हवे, गळती नको



हंगाम तोंडावर आला की आपण बॉयलर, गव्हाण आणि उताऱ्याच्या गोष्टी करतो. ज्या ट्रकवरून आपला ऊस फडातून काट्यावर येतो, त्याच्याखाली मात्र कोणी वाकून पाहत नाही. जुन्या ट्रकच्या पॉवर स्टिअरिंगमधून तेल ठिबकत असते. ड्रायव्हर सकाळी बाटलीभर तेल ओततो आणि खेपेला निघतो. ही 'ओता आणि चला' पद्धत बंद झाली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पूर्वी ट्रकचे चाक दंडाच्या जोरावर वळायचे. आता ते काम तेलाचा दाब करतो. पंप टाकीतले तेल ओढून मोठ्या दाबाने स्टिअरिंग बॉक्सकडे पाठवतो. तेल संपले तरी चाक वळायचे अगदीच थांबत नाही, पण एकाएकी जड होते. गाडी उसाने भरलेली, रस्ता अरुंद आणि समोरून शाळेची पोरे येताहेत, अशा वळणावर ते जड झाले तर काय होईल, हे सांगायला नको.

पवनेकाठचे थेरगाव एके काळी आपल्यासारखेच शेतीचे गाव होते. पिंपरीत 1966 साली टेल्कोचा, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सचा, कारखाना आला आणि या साऱ्या पट्ट्यात लहान वर्कशॉप आणि गॅरेज वाढली. मावळ-मुळशीतल्या गाडीवाल्यांना ही जागा जवळची. तिथला जाणता मिस्त्री गाडी आली की आधी पाना उचलत नाही, फडके उचलतो. सगळे पुसून कोरडे करतो, इंजिन चालू करून एकाला चाक दोन्हीकडे फिरवायला सांगतो आणि तेल नेमके कुठून येते ते पाहतो. टाकीच्या पाइपची क्लिप ढिली आहे, दाबाचा पाइप चिरला आहे, की बॉक्सखाली ड्रॉप आर्मपाशी ऑइल सील गेले आहे? क्लिपचे काम किरकोळ, बॉक्सचे मोठे. हे पाहिल्याशिवाय खर्चाचा आकडा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

चालू इंजिनवर दाबाचा पाइप हाताने चाचपू नये. बारीक चिरेतून उडालेली धार कातडी भेदून आत जाते. तिथे पुठ्ठा धरावा. काही गाड्यांत पंप इंजिनच्या गिअरवर चालतो. त्याचे सील गेले की तेल इंजिनात उतरते. जमिनीवर ठिपका नाही आणि टाकी मात्र रिकामी, अशी ही चोरवाट आहे.

आणखी दोन गोष्टी. तेल नाही म्हणून ब्रेक ऑइल ओतू नये, त्याने रबराची सीले फुगून खराब होतात. गाडीच्या पुस्तकात सांगितलेलेच तेल घालावे. आणि शाफ्टला खाच पडली असेल तर नुसते नवे सील फार दिवस टिकत नाही. काम झाल्यावर हवाही नीट काढावी, नाहीतर तेलाला फेस येतो आणि पंप गुणगुणू लागतो.

काही सभासद म्हणतील, "गाडी मालकाची, गळती मालकाची, आपल्याला काय त्याचे?" पण तोडणी-वाहतुकीचा खर्च आपल्याच बिलातून कापला जातो. गाडी वाटेत बसली की ऊस वाळतो, वजन घटते, उताराही घसरतो. 2025-26 च्या हंगामासाठी केंद्राने 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलला 355 रुपये दर ठरवला. 10 टनांच्या खेपेत एक टक्का वजन घटले तरी एक क्विंटल गेला. तो मालकाचा नव्हे, आपला गेला. आणि रस्त्यावर चालतात ती पोरेही आपलीच.

उलट गाडीमालकालाच दोष देऊन भागणार नाही. जुनी गाडी हौसेने कोणी ठेवत नाही. पावसाळ्यात गाडी उभी असते आणि हाती पैसा नसतो. म्हणून आमची सूचना अशी की, वाहतुकीचा करार करताना जी उचल दिली जाते, तिचा काही भाग दुरुस्तीसाठी राखून ठेवावा आणि गॅरेजचे बिल दाखवल्यावर तो द्यावा. मोळी पडण्यापूर्वी शेती खात्याने प्रत्येक जुन्या गाडीचे स्टिअरिंग आणि ब्रेक मिस्त्रीकडून तपासून घ्यावेत. गळती असलेल्या गाडीला ती दुरुस्त होईपर्यंत खेप देऊ नये. नियम संचालकांच्या पाहुण्याच्या गाडीलाही तोच असावा.

सभासदांनीही एक करावे. फडात गाडी लागली की तिच्याखाली एकदा वाकून पाहावे. तेलाचा ठिपका दिसला तर भरण्याआधी बोलावे. भरल्यावर बोलून उपयोग नसतो, कारण तेव्हा सगळ्यांनाच काट्यावर पोचायची घाई असते.