दोन नंबरचा माल

शोपियांला पोस्टिंग असताना सप्टेंबरात रोज पहाटे बागेत गळालेल्या सफरचंदांचा सडा दिसायचा. मार लागलेलं फळ पेटीत भरत नाहीत. एक नासलं की शेजारची नासतात. त्यात दरडी कोसळून जम्मूचा महामार्ग बंद पडला, की पेटीतला चांगला मालही ट्रकमध्येच सडायचा. बागवाल्याची वर्षाची कमाई तीच.

आमच्या चौकीखालच्या घरातली आजी मात्र गळालेली फळं वेचायची. सुरीने डाग काढून चकत्या करायची, दोऱ्यात ओवायची आणि माळा छपराखाली टांगायची. वांगी, टोमॅटो, दुधीही तिथे असेच वाळवतात. त्याला 'होख स्यून' म्हणतात. बर्फात कोंडलेल्या घराची ती बेगमी. मला आमच्या गच्चीवरची वाळवणं आठवायची.

मित्रांनो, सुट्टीवर येताना आपण देखणी पेटी निवडतो. माझं म्हणणं, एक पेटी दोन नंबरच्या मालाची घ्या, तीही घासाघीस न करता. घरी महागडं ड्रायर नको. सालकाढणं आणि गाभा काढून फोडी पाडणारा गोल कटर पुरे. बुरशी आलेलं फळ टाकून द्या. पातळ फोडी लिंबाच्या पाण्यात बुडवून काढल्या की लवकर काळ्या पडत नाहीत. कडक उन्हात चामड्यासारख्या चिवट होईपर्यंत वाळवा आणि कोरड्या बरणीत भरा. कोकणच्या दमट हवेत त्यापेक्षा किसून मुरांबा बरा.

डाग सालीवर असतो. बागवाल्याची मेहनत दोन नंबरची नसते.