रविवर्म्याचा ट्रे

दिवाळीच्या झाडलोटीत घरातल्या जुन्या चित्रांवर जो खटला चालतो त्यात आरोपीला वकील मिळत नाही. माळ्यावरून तसबिरी खाली उतरतात, काचेवर बोटाने रेघ ओढून धूळ किती साचली ते पाहिले जाते, मागच्या पुठ्ठ्याला कसर लागलेली असते, आणि निकाल तिथल्या तिथे लागतो. पूर्वी शिक्षा दोनच होत्या. चित्र माणसाचे किंवा देखाव्याचे असेल तर रद्दीवाला, देवाचे असेल तर पिंपळाचा पार. हल्ली तिसरी शिक्षा निघाली आहे आणि तिचे नाव मोठे गोंडस आहे: पुनर्वापर. जुन्या तसबिरीचा चहाचा ट्रे करा. सरस्वतीची वीणा तेवढी कापून दिव्याच्या शेडवर चिकटवा. चित्राचे चौकोनी तुकडे पाडून पेल्याखाली ठेवायच्या चकत्या बनवा. उरलेसुरले कपाटाच्या खणांवर डकवा आणि वरून वॉर्निश फासा. पाहुणे म्हणतील, काय हो कल्पकता!

मी म्हणतो, ही कत्तल आहे. आणि रद्दीवाल्यापेक्षा मला ती अधिक खुपते, कारण रद्दीवाला निदान आपण चित्राची सेवा करीत आहोत असा आव आणत नाही.

यावर ताबडतोब गोधडीचा दाखला देण्यात येतो. आमच्या आज्या-पणज्यांनी नाही का जुन्याचे नवे केले? केले ना! पण कसे केले ते आठवा. लुगडे नेसून नेसून विरले, दंड घालूनही टिकेना, तेव्हा ते गोधडीत गेले. गोधडीही झिजली तेव्हा तिचे पोतेरे झाले. वस्तूचा एक जन्म पुरा संपल्यावरच तिला दुसरा मिळत असे. धड पैठणी फाडून कोणा आजीने गोधडी शिवल्याचे मी ऐकलेले नाही. पैठणी मोडणारी माणसे वेगळी होती. ती जर विकत घेणाऱ्याच्या हवाली करायची, तो पदर जाळून त्यातली चांदी काढायचा, आणि घरात चार पैसे यायचे. आजच्या ट्रेवाल्यांचे नाते गोधडीशी नाही, त्या जर जाळणाऱ्याशी आहे. त्याच्याजवळ निदान गरजेची सबब तरी होती.

आता ज्या तसबिरीवर कात्री चालवायची ती काय वस्तू आहे ते पाहू. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत गिरगावात छापखाना काढला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे चित्र दगडावर उतरवले जाई, एकेका रंगाला वेगळा दगड. आणि एकावर एक असे रंग चढून लक्ष्मी, सरस्वती, मेनका कागदावर उभ्या राहत. त्याआधी अशी रंगीत चित्रे राजवाड्याच्या भिंतीवर असत. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांसाठी त्याने पौराणिक प्रसंगांची चौदा तेलचित्रे रंगवली, ती पाहायला बडोद्याला जावे लागे. छापखान्याने ती चाळीतल्या खोलीत आणली. आपल्या पणजीच्या डोळ्यांपुढे लक्ष्मीला जो चेहरा आला तो बहुधा या कागदातून आला. आज ते दगड चालत नाहीत. त्या छापाची जी प्रत तुम्ही कापाल ती एकाने कमी होईल, इतका हिशेब सरळ आहे.

अहो, आणि घरी आणलेल्या या छापांचे आमच्या घरांतल्या बायकांनी काय केले हे ठाऊक आहे का? सजवले! लक्ष्मीच्या लुगड्यावर खरे कापड चिकटवले, काठाला जर लावली, गळ्यात मणी, मुकुटात टिकल्या. अशा सजवलेल्या तसबिरी आजही जुन्या घरांत सापडतात. चित्रावर हात चालवण्याची हौस काही नव्या काळाची मिरास नाही. त्या बायकांनी चित्रात भर घातली आणि चेहरा, हात, पाय जसेच्या तसे ठेवले. छापखान्यातून एकसारख्या निघालेल्या हजारो लक्ष्म्यांपैकी एक आपल्या घरची झाली. अशी तसबीर माळ्यावर सापडली आणि ‘जुनाट झगमगाट’ म्हणून जर उपटून टाकलीत, तर कोणाची तरी दुपारच्या दुपार उपटून टाकलीत असे समजा.

तुकडा पाडण्याने काय जाते ते सर्वांत स्पष्ट दिसते कुडाळजवळच्या पिंगुळीच्या चित्रकथीत. ठाकर समाजाचे कथेकरी एकेक चित्र पुढे धरीत रामायण-महाभारतातल्या कथा गाऊन सांगत आले. एका कथेच्या चित्रांच्या गठ्ठ्याला पोथी म्हणतात. त्यातले एक सुटे पान काढून दिवाणखान्यात लावले तर भिंतीला शोभा येते, नाही कोण म्हणतो? पण तिकडे पोथीला भोक पडते. गाणारा त्या प्रसंगापाशी आला की त्याच्या हातात दाखवायला काही नाही! याच पिंगुळीत परशुराम गंगावणे यांनी आपल्या गुरांच्या गोठ्याचे संग्रहालय केले आणि चित्रे तिथे मांडली. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पुनर्वापर म्हणतात तो हा. गोठा बदलला, चित्राला हात लागला नाही.

दिवाळी अंकाच्या वाचकांनाही या खटल्यातून सुटका नाही. दीनानाथ दलालांची मुखपृष्ठे आवडली म्हणून ती फाडून चौकटीत बसवणारी रसिक मंडळी घरोघर झाली. त्यांच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही, पण अंकाची कातडी सोलून त्यांनी भिंतीवर लावली. खाली राहिला तो बिनचेहऱ्याचा गठ्ठा. त्यात भर वाचनालयाच्या बाइंडरांची. वर्षाचे अंक एकत्र बांधताना मुखपृष्ठे आणि जाहिराती निरुपयोगी म्हणून काढून टाकायची त्यांची जुनी रीत. १९०९ साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची ही आपली परंपरा म्हणून आपण छाती फुगवतो, आणि त्या परंपरेचा चेहरा मात्र असा सुटा सुटा करून ठेवतो.

मग काय, सगळे माळ्यावरच कुजू द्यायचे? मुळीच नाही. माळ्यावर ठेवून विसरणारा आणि कापणारा, दोघे चुलतभाऊ आहेत. कागदाला पावसाळ्याची दमट हवा, वाळवी आणि ऊन हे तीन वैरी; पहिल्या दोघांना माळा म्हणजे माहेर. चित्र खाली आणा आणि लावा, पण ज्या भिंतीवर थेट ऊन पडते ती सोडून. काच कागदाला टेकू देऊ नका, मध्ये जाड पुठ्ठ्याची किनार असू द्या, आणि हा पुठ्ठा आम्लरहित मागा, नाहीतर चित्राला पिवळे डाग पडतात. चौकटीच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावले की भिंतीची ओल चित्रापर्यंत पोचत नाही. फेव्हिकॉल आणि लॅमिनेशन यांना चित्राच्या जवळपास फिरकू देऊ नका. गव्हाच्या खळीने चिकटवलेले पुढे जाणत्या हाताला पाण्याने सोडवता येते. या दोघांनी धरलेले सुटत नाही. उलट मोकळी चौकट हाती आली तर तिचे वाटेल ते करा. आरसा बसवा, चाव्या अडकवायला खुंट्या ठोका.

ट्रे हवाच असेल तर तोही होईल. उत्तर रविवर्म्यानेच देऊन ठेवले आहे: त्याने तेलचित्र कापून लोकांना वाटले नाही, त्याची छापील प्रत काढली. आज तर प्रत काढायचे यंत्र प्रत्येकाच्या खिशात आहे. दिवसाउजेडी, काच काढून, सरळ वरून फोटो घ्या, चांगल्या कागदावर छापून आणा, आणि मग त्या प्रतीचे ट्रे, शेड, चकत्या, मुलांचे कोडे, हवे ते करा. चहा सांडला तर दुसरी काढा. रविवर्मा १९०६ साली वारला, त्याच्या चित्रांवर आता कोणाचा हक्क उरलेला नाही.

आणि कात्री चालवायला मूळ कागदच हवा असेल, तर तोही घरात ढिगाने आहे. मुलांनी एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांसाठी रंगवलेले सुरई, केळी आणि पडद्यांचे सरावाचे कागद उघडा. त्यांतले दोन-चार बरे निवडून तारीख-नाव घालून ठेवा, बाकीच्यांचे आकाशकंदील करा. ते रंग दिव्यामागून पाहिले की सुंदर दिसतात, आणि ज्याने रंगवले त्याला आपले केळे अंगणात लटकलेले पाहून जो आनंद होतो तो परीक्षेतल्या ‘ए’ श्रेणीनेही होत नसावा. गेल्या वर्षीच्या कॅलेंडरच्या लाखो प्रती निघालेल्या असतात. त्यांची पाकिटे करा, वह्यांना कव्हरे घाला. मात्र चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे मुळगावकरांचे एखादे कॅलेंडर तारखांच्या पट्टीसकट सापडले, तर ते ‘मागच्या वर्षीचे’ नव्हे. पट्टीही कापू नका. तिच्यावर दूधवाल्याच्या रतिबाचे आकडे लिहिलेले असतील.

राहता राहिला तुमच्या हातातला हा अंक. मुखपृष्ठ आवडले असेल तर फोटो काढा आणि खुशाल भिंतीवर लावा. अंक मात्र पिना, जाहिराती आणि फराळाच्या तेलकट डागांसकट सबंध ठेवा.