फॉरमॅट मारण्याआधी...

मंडळी, आपल्याकडे कॉम्प्युटरच्या प्रत्येक दुखण्यावर एकच रामबाण औषध आहे: "फॉरमॅट मारा!" मशीन हळू चालतंय? फॉरमॅट. निळा पडदा आला? फॉरमॅट. माझं स्पष्ट मत आहे, की बहुतेक वेळा याची काही गरज नसते. पडद्यावर आलेला मजकूर कुणी वाचतच नाही, खरी गोम तिथे आहे.

मुळात निळा पडदा म्हणजे बिघाड नव्हे. ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, असं काही तरी झालेलं असतं की मशीन तसंच पुढे रेटलं तर डेटाची वाट लागू शकते. म्हणून विंडोज मुद्दाम थांबते, आणि जाता जाता एक स्टॉप कोड लिहून जाते. २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ मधला हा पडदा निळ्याचा काळा केला. कोड मात्र अजून येतोच.

हे कोड दिसायला भयंकर असतात, मान्य. पण 'आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल' याचा अर्थ बहुतेकदा एवढाच, की एखाद्या ड्रायव्हरने नको त्या वेळी नको त्या मेमरीला हात लावला. नवीन ड्रायव्हर टाकलाय का, ते आधी बघा. 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' म्हणजे विंडोज ज्या डिस्कवर आहे, ती डिस्कच तिला सापडत नाहीये. बायोसमध्ये डिस्क कंट्रोलरचं सेटिंग कुणी बदललं तरी हे होतं. सेटिंग पूर्ववत केलं की झालं.

आमच्या ओळखीच्या एका काकूंच्या मशीनवर दर वेळी वेगळाच कोड यायचा. दुकानदाराने दोनदा फॉरमॅट मारला. नातवाच्या बारशाचे फोटो गेले, निळा पडदा काही गेला नाही. रोज नवी एरर म्हटलं की पहिला संशय रॅमवर घ्यायचा असतो. रॅमची पट्टी बदलली आणि मशीन गपगुमान चालू लागलं. रॅम तपासायची सोय विंडोजमध्येच आहे हो, तीही फुकट! फोटो मात्र परत आले नाहीत.

१९ जुलै २०२४ आठवतोय? क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरात, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे, ८५ लाख विंडोज मशीन्स झोपली. आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटायची वेळ आली. कारण काय, तर कर्नलमध्ये चालणाऱ्या त्यांच्या प्रोग्रामकडे माहितीचे २० रकाने होते आणि नव्या फाइलने त्याला २१वा वाचायला लावला. आणि उपाय? सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल उडवायची, मशीन पुन्हा सुरू करायचं. बास!

मी काही फॉरमॅटच्या विरोधात नाही. व्हायरसने सगळी सिस्टिम पोखरली असेल तर खुशाल मारा, पण आधी डेटाची कॉपी काढून घ्या. एरवी, पडदा आला की मोबाइलवर त्याचा फोटो काढा आणि तो कोड शोधा. मशीन दुरुस्तीला नेलंच, तर समोरच्याला एकच विचारा, "कोड काय आला होता?" त्याला सांगता आलं नाही, तर मशीन उचला आणि सरळ घरी या.