हमिंगबर्ड नव्हे, शिंजीर!

नांदेडच्या वा लातूरच्या एखाद्या अंगणात जास्वंदीवर चिमुकला, चकाकता पक्षी उतरला, की "हमिंगबर्ड आला!" असा उद्गार हल्ली वारंवार कानी पडतो. उद्गार कौतुकाचा खरा. परंतु तो यथार्थ नव्हे. हमिंगबर्डच्या तीनशेहून अधिक जाती आहेत. त्या सर्व अमेरिकेच्या दोन्ही खंडांत व तेथील बेटांवर नांदतात. भारतात त्यांतील एकही नाही. आपल्याकडे येतो तो शिंजीर. दोघेही मकरंदावर जगतात, म्हणून त्यांच्यात साम्य आले. कुळे मात्र निराळी.

नाव चुकले म्हणून काय बिघडले, असे कोणी विचारील. आमच्या मते पुष्कळ बिघडते. परके नाव घाईने दिले, की निरीक्षण तेथेच थांबते. हमिंगबर्ड अधांतरी तरंगत मकरंद पितो व मागच्या मागेही उडतो. शिंजीर क्षणभर तरंगला, तरी बहुधा डहाळीवर बसूनच फुलात बाकदार चोच घालतो. जांभळ्या शिंजिराचा नर विणीच्या दिवसांत सावलीत काळा दिसतो, तर उन्हात निळाजांभळा झळकतो. वीण सरली, की तो हा भपका उतरवितो. मग पिवळसर छातीवर एक काळी रेघ तेवढी उरते. मादी तपकिरी व पोटाशी पिवळसर. तिला पाहून कोणी हमिंगबर्ड म्हणत नाही. बहुधा कोणी पाहतच नाही.

आणि घरटे विणते ती हीच! सालींचे तुकडे, काटक्याकुटक्या व कोळिष्टके यांची ती लोंबती पिशवी, दारावर लहानशी पडवी. अंगण झाडताना पुष्कळांना तो केवळ केरकचऱ्याचा पुंजका वाटतो आणि अंड्यापिल्लांसह ओढून टाकला जातो. ओळख नसल्याची ही किंमत आहे. ज्या पळसाने आपली माळराने फाल्गुनात पेटल्यासारखी दिसतात, त्याच्या परागसिंचनासही हाच पक्षी हातभार लावतो.

डॉ. सालिम अली यांनी 1931 साली हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी आरंभिली, तेव्हा नांदेड व लातूर त्याच संस्थानात होते. त्यांचे मोठे साधन म्हणजे धीराने पाहणे. ते प्रत्येक विद्यार्थ्यापाशी आहे. पालकांस आमची विनंती एवढीच, की लोंबत्या पुंजक्यास हात घालण्यापूर्वी मुलास घटकाभर दूर उभे राहून पाहू द्यावे. कोण आत शिरते, हे कळले, की खरे नावही कळेल.